सिझरनंतर पाळणा लांबवा



रोवणीच्या दिवसांत मुलचेऱ्याकडच्या एका गावी धानाच्या बांध्या पाहायला गेलो होतो. निघताना घरच्या म्हातारीने चहाला बसवले. सुनेचे सिझर होऊन सात महिने झाले होते. म्हातारी म्हणाली, “सायेब, पोटावरचे टाके त सुकले. आता दुसरं लगेच झालं म्हंजे दोघं संगच वाढतीन.” सून खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

मी खत-बियाण्याचा माणूस, पण तसेच उठून यावेना. विचारले, “बाई, फुटलेल्या बोडीची पाळ बांधली, वर गवत उगवले, म्हणजे आतली माती बसली का?”

“नाही जी. पान्याचा जोर आला का तेथंच फुटते.”

गर्भपिशवीचेही तसेच आहे. पोटावरची जखम लवकर भरलेली दिसते. आत पिशवीवरचा व्रण बळकट व्हायला पुष्कळ अधिक काळ लागतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर पडले, तर कळांच्या जोराने तो फाटण्याचा धोका वाढतो आणि आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. कोणत्याही बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझर झालेल्या बाईने तर ते काटेकोर पाळावे.

अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत, असे बायाबायांत बोलतात. ते खरे पहिले सहाच महिने. तेही बाळ रात्रंदिवस फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी आली नसेल तर. इथे सात उलटले होते. तांबी सिझरच्या वेळीच किंवा दीड महिन्यानंतर बसवता येते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते. सरकारी दवाखान्यात हे सारे फुकट मिळते. निरोध तर नवऱ्यानेच वापरायचा. त्यात लाजायचे काय?

आणि दिवस लवकर राहिलेच तर लपवू नये. आधीच्या सिझरचा कागद घेऊन ताबडतोब नाव नोंदवावे. पुढचे बाळंतपण घरी नको. जिथे ऑपरेशन आणि रक्ताची सोय आहे तिथेच करावे. तारीख पावसाळ्यात येत असेल तर नाल्यांना पूर येण्याआधीच तिकडे जाऊन राहावे. आपल्याकडे वाट बंद पडली की गाडी अलीकडेच उभी राहते.

सुनेने सूप बाजूला ठेवले. “तांबी बसवाले कोन्या दिवशी जा लागते?”

ते मलाही ठाऊक नव्हते. आशाताईला विचारून यायला म्हातारीनेच मुलाला पिटाळले.