आम्ही कॅमेरा घेतो!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या निगडीच्या घरी गोलमेज परिषद भरली. विषय एकच : दिवाळीपूर्वी डिजिटल कॅमेरा घ्यायचा, तो कोणता? चिरंजीव चाकणहून रात्रपाळी करून आलेले, सूनबाई ऑफिसला निघण्याच्या घाईत, नात टेबलाखाली आणि अध्यक्षस्थानी अर्थातच आमची सौ.

"घरात चार माणसांचे चार फोन आहेत. आता आणखी कॅमेरा कशाला?" हा अध्यक्षांचा पहिला प्रश्न. आणि खरे सांगतो वाचकहो, तो काही चुकीचा नव्हता. गच्चीवर, बागेत, तुकोबांची पालखी निगडीहून आकुर्डीला जाते तेव्हा रस्त्यावर, अशा भर उजेडात फोनवर इतके चांगले फोटो येतात की केवळ त्यासाठी कॅमेरा घेणे म्हणजे पैशाचा माज.

माझे कारण निराळे होते, आणि ते कपाटातल्या एका पत्र्याच्या डब्यात होते.

आमचे वडील पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात, म्हणजे सरकारने १९५४ साली काढलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. १९६८ च्या दिवाळीला बोनस हाती पडताच त्यांनी ॲगफा क्लिक थ्री घेतला. बडोद्याला तयार होणारा हा काळा ठोकळा तेव्हा मध्यमवर्गाचा मोठा लाडका. १२० च्या रिळात बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच. ऊन आहे की ढग, एवढीच काय ती चौकशी. त्यामुळे आमचे सारे बालपण उन्हात उभे आहे : मोरया गोसावींच्या देवळापुढे डोळे किलकिले करून, पवनेच्या घाटावर कपाळाला आठ्या घालून. पण आई? ती एकाच फोटोत आहे, तीही दारात अर्धी, चेहऱ्यावर चौकटीची सावली घेतलेली. आई सदा स्वयंपाकघरात आणि तिथे चाळीस वॅटचा दिवा. वडिलांच्या कॅमेऱ्याला त्या खोलीतले काही दिसतच नसे.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. यंदाही अनारसे मीच थापणार, असा तिचा हट्ट.

"आपल्या स्वयंपाकघरात ज्याला दिसेल, तो कॅमेरा घ्यायचा," मी जाहीर केले.

दुकानात मात्र जो तो मेगापिक्सेलच्या गोष्टी करतो. हा चोवीसचा, तो पंचेचाळीसचा! मी तिथेच गणित मांडले. सहा बाय चारचा फोटो, इंचाला तीनशे ठिपके धरले तरी अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे एकवीस लाख साठ हजार. दोन मेगापिक्सेलहून थोडे जास्त. बाकीचे कुणासाठी? १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यात शंभर बाय शंभरच ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तेव्हापासून आकड्यांची हाव काही सुटलेली नाही.

चिरंजीवांनी मुद्द्याचे सांगितले. त्यांच्या कारखान्यात सुटे भाग तपासायला कॅमेरे बसवलेले आहेत. "बाबा, आमच्याकडे कॅमेरा बसवायचा म्हणजे आधी दिवा कुठे लावायचा ते ठरवतात. उजेड चुकला की कॅमेरा कितीही भारी असो, भाग परत येतो."

म्हणजे सगळा प्रश्न उजेडाचा. फोनमधली प्रकाश टिपणारी पाटी करंगळीच्या नखाएवढी. अंधारात तो पटापट अनेक फोटो घेऊन एकावर एक चढवतो. माणूस गप्प बसले तर छान, पण अनारसे थापणारा हात गप्प कसा बसेल? बोटांचा नुसता लगदा होतो. साध्या कॅमेऱ्यात ही पाटी चोवीस बाय सोळा मिलिमीटरच्या आसपास असते, तेवढी आम्हांला पुष्कळ झाली. खरी मेख भिंगात. कॅमेऱ्याबरोबर जे झूम भिंग गळ्यात मारतात, ते लांबचे जवळ ओढताना एफ ५.६ वर येते. एफ १.८ चे साधे भिंग त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. त्यातही पन्नास मिलिमीटरचे स्वस्त, पण आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पाठ फ्रिजला टेकली तरी त्यात चेहराच मावायचा. म्हणून पस्तीसचे घेतले. कॅमेरा वापरलेला, भिंग नवे. हे उलट करू नये, असे माझे मत.

आणखी एक ठराव सौ.ने मांडला. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन कपड्यांबरोबर धुलाईयंत्रात गेला आणि त्याच्याबरोबर नातीचे पहिले वर्षही. तेव्हा कार्ड पुसण्यापूर्वी फोटो दोन ठिकाणी ठेवायचे आणि दर महिन्याला बारा कागदावर छापायचे. ठराव एकमताने मंजूर.

परवा पीठ उतरले का पाहायला आईने पहिला घाणा काढला. खिडकीचा पडदा मी सारला, फ्लॅश मिटलेलाच ठेवला.

"माझा काय काढतोस? अनारशाचा काढ," ती म्हणाली.

संध्याकाळी छापील फोटो तिच्या हातात दिला. चष्मा लावून, हात लांब करून तिने तो बराच वेळ पाहिला.

"पदरावर खसखस सांडलीय बघ. सांगायचं नाही का रे आधी?"