कूस कुणाची, बीज कुणाचे

दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून गर्भ धरून जन्मलेल्या मुलाची आई कोण, हा प्रश्न ज्यू धर्मशास्त्रापुढे गेल्या चाळीस वर्षांत प्रयोगशाळेने आणून टाकला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु निपुत्रिक बाईने दुसरीच्या देहाचा आधार घ्यावा आणि मग त्या मुलावर हक्क कुणाचा यावरून घर दुभंगावे, हा प्रकार या समाजाच्या आद्यग्रंथाइतका जुना आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात सारा आपली दासी हागार अब्राहामाला देते, आणि इश्माएल जरा वाढतो न वाढतो तोच मायलेकरांची रवानगी अरण्यात होते. त्याच घराण्यात दोन पिढ्यांनंतर राहेल आपली दासी बिल्हा याकोबाला देते, तिच्या मुलांची नावे स्वतः ठेवते, आणि दान व नफताली बारा वंशांत मानाने बसतात. उपाय तोच, निकाल मात्र उलटा. तरीही वंशावळ सांगताना ग्रंथ या दोघांना बिल्हाचे पुत्र म्हणूनच नोंदवतो. आजच्या निनावी दात्रींच्या काळात हा तपशील विसरण्याजोगा नाही.

त्या काळी कूळ बापाकडून चाले. मोशेची बायको मिद्यानी, योसेफाची मिसरी. त्यांच्या मुलांच्या इस्राएली असण्यावर कुणी बोट ठेवले नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात बाबिलोनहून परतलेल्यांमध्ये एज्रा या शास्त्र्याने परक्या बायका व त्यांची मुले दूर करण्याचा आग्रह धरला खरा, पण आई ज्यू असेल तरच मूल जन्मतः ज्यू, हा दंडक स्पष्ट रूपात दिसतो तो इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात. त्याच्या उगमाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. रोमन कायद्याची छाया त्यात पाहणारेही आहेत. काही असो, त्यामागचे गृहीत उघड होते: बाप कोण हे सांगावे लागते, आई कोण हे सुईण पाहते.

मात्र या गृहीताला तडा देणाऱ्या कल्पना त्याच परंपरेत घोळत होत्या. राहेल आणि लेआ या दोघी बहिणी गरोदर असताना योसेफ आणि दीना यांची गर्भातच अदलाबदल झाली, अशी एक कथा आद्यग्रंथाच्या अरामी भाषांतराच्या एका पाठात येते; तिचा शब्दशः स्वीकार केला तर लेआने जन्म दिलेली दीना मुळात राहेलच्या उदरातली, आणि तरीही ग्रंथ तिला लेआचीच मुलगी म्हणतो. मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदात गरोदरपणी धर्मांतर केलेल्या स्त्रीच्या जुळ्यांची चर्चा आहे: ते आईच्या बाजूने एकमेकांचे भाऊ ठरतात. प्रसूतीला महत्त्व देणारे आजचे रब्बी हेच दाखले काढतात; न मानणारे म्हणतात की कथेवरून कायदा होत नाही. दीड हजार वर्षे ज्या प्रश्नाची कुणाला गरज नव्हती, त्याचे उत्तर अशा अडगळीतून शोधावे लागते आहे.

वंशाच्या शंकेचे ओझे कुणावर पडते, हे मराठी वाचकाला दूर जाऊन पाहायला नको. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपल्याकडे ‘शनवार तेली’ म्हणत, ते शतकानुशतके शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, पाळत आले होते. स्वतः त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि ज्यू नसलेल्या बायकांची संतती मानलेल्यांना दुसऱ्या गटात टाकून त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. हीच तराजू पुढे साऱ्या जमातीवर उलटली. इस्रायलला गेल्यावर, 1961–62 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मावले की बेने इस्रायल वधूवरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या कुळाची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. अलिबाग-पेणच्या माणसाने पणजीचा दाखला आणायचा कुठून? 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला दखल घ्यावी लागली, केनेसेट या इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू ठरवले, आणि रब्बींनी फर्मानातले जमातीचे नाव काढले. शंका घेणारे सुखरूप राहिले. पुरावा शोधायची वणवण ज्यांच्यावर शंका घेतली त्यांनी केली.

1978 मध्ये इंग्लंडात पहिले नळीतले बाळ जन्मले आणि 1984 पर्यंत दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून धरलेले गर्भ पूर्ण दिवसांचे होऊ लागले. गर्भाशय आणि बीज ही एकाच देहाची दोन अंगे राहिली नाहीत, आणि मिश्नेच्या दंडकाखालची जमीन सरकली. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने प्रसूती होणारीलाच आई मानले. सनातनी रब्बींमध्ये मात्र काही प्रसूतीच्या बाजूचे, काही बीजाच्या, आणि दोघींनाही आई धरून दोन्हीकडचे निर्बंध पाळावेत असे म्हणणारेही निघाले. परिणामी, बीजाबद्दल शंकाच उरू नये म्हणून, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत ज्यू दात्रींसाठी जाहिराती झळकल्या. इस्रायलमध्ये 1987 च्या नियमांनी केवळ स्वतः उपचार घेणाऱ्या स्त्रियांनाच बीज देण्याची मुभा ठेवल्यामुळे तुटवडा पडला आणि जोडपी रोमानिया, सायप्रसकडे वळली. त्या परक्या बीजापासून जन्मलेल्या बाळाला खबरदारी म्हणून मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या स्नानकुंडात, बुडवून धर्मांतरित करून घेण्याची वाट निघाली.

या वाटेची किंमत क्वचितच उच्चारली जाते. तान्हेपणी धर्मांतरित झालेल्याला सज्ञान झाल्यावर ते धर्मांतर नाकारण्याचा हक्क आहे, म्हणजे त्याला ते आधी सांगावे लागते. आणि अशी मुलगी शास्त्राप्रमाणे कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यात लग्न करू शकत नाही. ज्या आईबापांनी शेजाऱ्यांपासून, कधी सासूपासूनही दानाची गोष्ट लपवली, त्यांच्या मुलीला ती विशीत, रब्बींच्या मेजासमोर कळावी, हे कोणत्या करुणेत बसते?

2010 च्या इस्रायली कायद्याने दानाला रीतसर मार्ग दिला, 54 वर्षांपर्यंतच्या स्त्रीला बीज घेता येते, बाळंत होणारी हीच कायद्याने आई, आणि जन्मांची नोंदवही ठेवली जाते. पण ती नोंदवही अठरा वर्षांच्या मुलाला एवढेच सांगते की तू दानातून जन्मलास. दात्री कोण ते सांगत नाही. ब्रिटनने 2005 पासून दात्याचा निनावीपणा संपवला, आणि मोठ्या झालेल्या मुलाला त्याचे नाव मागता येते. केनेसेटने तेवढे करावे. आणि रब्बींनी मुलाच्या ज्यूपणाबद्दलचा आपला निर्णय बीज घेण्याआधी, लेखी, त्या जोडप्याच्या हाती द्यावा; पुढे मुलाच्या लग्नाच्या वेळी तो फिरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायपीठाला असू नये.