वणवा पेटण्यापूर्वी

माघ सरता सरता ज्ञानगंगेच्या खोऱ्यातील सागाची पाने गळू लागतात. सलई, धावडा, तेंदू यांचा पाचोळा त्यात मिसळतो आणि पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले कुसळीचे गवत वाळून कडकडीत होते. फाल्गुन उजाडेपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील डोंगर म्हणजे रचून ठेवलेली होळीच असते. उणीव असते ती एका ठिणगीची. ही ठिणगी निसर्ग क्वचितच पुरवितो. या देशातील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. काही हेतुपुरस्सर, पुष्कळसे निष्काळजीपणाने. तरीही वणव्याची बातमी अवर्षणाच्या किंवा गारपिटीच्या बातमीसारखी वाचली जाते, जणू ती आपत्ती टाळण्याजोगी नव्हतीच. ही समजूत जोवर जात नाही तोवर डोंगर दरवर्षी जळत राहणार.

जिल्ह्यातील महत्त्वाचे जंगल दोन पट्ट्यांत विभागलेले आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या तालुक्यांना वेगळे करणाऱ्या अजिंठ्याच्या रांगेत, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, 205 चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. उत्तरेस पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे ओलांडले की जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुडा उभा राहतो. तेथील 127 चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दोन्ही अभयारण्ये 1997 साली घोषित झाली. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटरची पायपीट करून ज्ञानगंगेत पोहोचला, तेव्हा या दुर्लक्षित जंगलाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. त्या कौतुकात जंगलाचा तळ मात्र विसरला गेला. पानझडी जंगलातील आग सहसा शेंड्यापर्यंत चढत नाही. ती जमिनीवरून सरकत जाते. त्यामुळे ती किरकोळ वाटते. वस्तुतः ती कोवळी रोपे, पडलेले बी, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे जीव यांचा संहार करते, आणि मग मृगाच्या पहिल्या सरी उघडी पडलेली माती नाल्यात वाहून नेतात. पैनगंगेचा उगम याच अजिंठ्याच्या डोंगरांत होतो. तेव्हा डोंगर जळणे हा जसा वनखात्याचा, तसाच घाटावरच्या आणि घाटाखालच्या विहिरींचाही प्रश्न आहे.

ठिणगी पडते कशी, हे गावोगावी ठाऊक असते. उलंगवाडी झाली की पऱ्हाटी उपटून तिचे ढीग पेटविले जातात, धुऱ्यावरचे गवत जाळले जाते, आणि आग पुरती विझण्याआधीच माणूस घरी परततो. मोहफुले वेचणाऱ्यास झाडाखालची जमीन स्वच्छ हवी असते. पाचोळ्याला काडी लावणे त्यास सोपे वाटते. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते. वाटसरूची विडी आणि सहलीला आलेल्यांची चूल यांची त्यांत भर पडते. या सर्वांना गुन्हेगार ठरविणे अवघड नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा मानला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 30 ने अभयारण्यासाठी तीच तरतूद केली. शिवाय वन अधिनियमाच्या कलम 79 ने जंगलात हक्क उपभोगणाऱ्यांवर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले. म्हणजे गावकऱ्याने आगीत उतरावे ही अपेक्षा जवळजवळ शंभर वर्षे कायद्यात नोंदलेली आहे. त्याने हातात काय घेऊन उतरावे आणि सुखरूप परत कसे यावे, याविषयी मात्र त्या कलमात अक्षरही नाही.

आग माणसाच्या अनुभवाची भीड धरीत नाही. एप्रिल 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझविताना तीन हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेले चार वनकर्मचारी जागीच दगावले. ही माणसे जंगलाला नवखी नव्हती. असे असता, वणवा लागल्याचे कळताच महाविद्यालयातील मुलांना गाडीत घालून डोंगरावर न्यावे आणि त्यांच्या हाती हिरव्या फांद्या द्याव्यात, ही कल्पना कितीही देशभक्तीची वाटली तरी ती अविचाराची आहे. तरुणांची पथके हवीत, याविषयी दुमत नसावे. परंतु त्यांचे मुख्य काम वणवा लागण्यापूर्वीचे असावे आणि त्यांच्या अग्रभागी जाणता, प्रशिक्षित व उत्तरदायी नायक असावा. या दोन अटी पाळल्या जाणार नसतील तर पथके न काढणेच बरे.

वणव्यापूर्वीचे काम म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी जंगलाचे तुकडे पाडणाऱ्या जाळरेषा तयार व्हाव्या लागतात. ठराविक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापावयाचे, ते वाळवून थंड वेळी, वारा पडलेला असताना, पुरेशी माणसे दोन्ही बाजूंस उभी करून जाळावयाचे, आणि पट्टा झाडून मोकळा ठेवावयाचा, असे हे काम आहे. आग तेथवर आली की तिला पुढे खाण्यास काही उरत नाही. यात एक मेख आहे. डिसेंबरात झाडलेल्या पट्ट्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा सागाची पाने पडतात. एकदा झाडून सोडून दिलेली जाळरेषा नकाशावर शाबूत असते. जमिनीवर ती पाचोळ्याखाली नाहीशी झालेली असते. म्हणून हे काम एका दिवसाच्या श्रमदानाचे आणि एका छायाचित्राचे नाही. तेथे चार महिने सतत राबणारे हात लागतात.

या कामाची वाटणी करता येण्याजोगी आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवकाने वर्षाकाठी 120 तास सेवा द्यावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी तिची मूळ रचना आहे. संत गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या अमरावती विद्यापीठाची महाविद्यालये या जिल्ह्यात सर्वत्र आहेत, आणि हातात खराटा घेणे कमीपणाचे नाही हे त्या नावाखाली शिकणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. ही शिबिरे डिसेंबर-जानेवारीत जंगलालगतच्या गावांत भरवावीत. विद्यार्थ्यांनी गवत कापावे, पट्टे झाडावेत, शेतकऱ्यांबरोबर बसून धुरे आणि पऱ्हाटी केव्हा व कशी जाळावयाची याचे वेळापत्रक ठरवावे. हंगाम सुरू झाला की त्यांनी पुस्तकांकडे परतावे. तेथून पुढे जबाबदारी त्या गावच्याच अठरा वर्षांवरील तरुणांच्या मजुरीवरील पथकाची. त्यांना पायवाटा ठाऊक असतात, पाणवठे ठाऊक असतात आणि धूर दिसताच तो कोणत्या नाल्यातून येतो हे सांगता येते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देत आली आहे. बातमी आता आकाशातून येते. डोंगर मात्र पायांनीच चढावा लागतो.

आता नायकाविषयी. गावोगावच्या अनेक उपक्रमांत नायक म्हणजे ज्याच्या हाती शिट्टी आणि हजेरीपट असतो तो. वणव्याच्या कामात एवढ्याने भागणार नाही. डोंगराचा उतार दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा या शास्त्रातील ठोकताळा आहे. बोथ्याच्या घाटासारख्या चढावर खालून आग येत असताना वर पळणाऱ्या माणसाची आगीशी स्पर्धा लागते, आणि त्या स्पर्धेत माणूस सहसा हरतो. 2018 च्या मार्चमध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरउतारावर वणव्याने गाठलेल्या पदभ्रमण करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक जण प्राणास मुकले. म्हणून कोणताही तरुण जाळरेषेवर उभा राहण्यापूर्वी नायकाने चार गोष्टींची खात्री करावी: उंचावर पहारेकरी बसला आहे, त्याचा आवाज किंवा संदेश सर्वांपर्यंत पोहोचतो, परतीची वाट मोकळी आहे, आणि त्या वाटेच्या शेवटी आग पोहोचू शकणार नाही अशी जागा आहे. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर पथक मागे घेण्याचा अधिकार त्याला हवा. तो अधिकार बजावल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. काही एकर गवत जळाले तर पुढच्या पावसात पुन्हा उगवते.

तरुणांच्या हातून जंगले राखण्याचा मोठा प्रयोग जगाने पाहिलेला आहे. आर्थिक मंदीत होरपळणाऱ्या अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 साली बेकार तरुणांचे संवर्धन दल उभारले. 1942 पर्यंत सुमारे तीस लाख तरुण त्यात राबले. त्यांनी झाडे लावली, रस्ते काढले, जाळरेषा पाडल्या, निरीक्षणाचे मनोरे उभारले. त्यांना मजुरी मिळे, तिचा मोठा भाग घरी पाठविला जाई, आणि निवास, भोजन व शिक्षणाची सोय असे. त्याच दलातील तरुण ऑगस्ट 1937 मध्ये वायोमिंग राज्यातील ब्लॅकवॉटरच्या वणव्यात सापडले. त्या आगीत पंधरा जणांचा बळी गेला. ज्या योजनेचे गुणगान होते तिच्या इतिहासातील हे पानही वाचावयास हवे. बांधणी उत्तम, वेतन चोख, आणि तरीही वाऱ्याने दिशा बदलताच माणसे गेली. बुलढाण्यात पथके काढावयाची तर हा धडा आरंभीच गिरविलेला बरा.

हे सारे वनखात्याचे काम, त्याचा भार गावातील पोरांवर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. खात्याची जबाबदारी हलकी करण्यासाठी फुकटचे हात मिळवावयाचे असतील तर ही योजना अन्यायाची ठरेल. यास्तव हंगामातील पथकाला मजुरी, जाड सुती कपडे, बूट, पाणी आणि विमा हे सर्व मिळावयास हवे. रोजगार हमीचा कायदा 1977 साली प्रथम याच महाराष्ट्राने केला. त्या परंपरेला जंगल राखण्याचे काम परके वाटण्याचे कारण नाही. वणवा प्रतिबंधासाठी केंद्राची स्वतंत्र योजनाही 2017-18 पासून आलेली आहे. प्रश्न पैशाइतकाच तो वेळेवर पोहोचण्याचा आहे. मार्चमध्ये मंजूर झालेल्या रकमेतून डिसेंबरातील गवत कापता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. ज्या जंगलातून गावाला काही मिळत नाही ते गावाने का राखावे? याचे उत्तर विदर्भातच सापडते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली आणि सीताफळांच्या विक्रीतून उत्पन्न उभे केले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपानांचे हातचे उत्पन्न सोडले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आल्यामुळे तिला हा निर्णय पेलला. ज्यांच्या नावे जंगल झाले त्यांनी ते राखले. अभयारण्यातील नियम अधिक कडक असतात हे खरे. तथापि सीमेवरील पट्ट्यात जाळरेषेसाठी कापलेले गवत जनावरांच्या वैरणीकरिता गावाला द्यावयास कोणाची हरकत असावी? ज्या गवतावर गावची गुरे उन्हाळा काढतील त्या गवताला काडी लावू देण्यास गाव सहजी तयार होणार नाही.

या जिल्ह्यातील तरुणांना कष्टांचे वावडे नाही. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेडने श्रमदानाच्या बळावर राज्यात वरचा क्रमांक मिळविला. ज्यांनी भर उन्हाळ्यात चर खणले त्यांना जाळरेषा झाडणे जड जाणार नाही. त्यांना हवी आहे ती आखणी, आणि त्यांच्या आईबापांना हवी आहे ती मुले सुखरूप परत येतील याची हमी. दिवाळीपूर्वी वनपरिक्षेत्र अधिकारी, ग्रामसभा आणि महाविद्यालयांचे कार्यक्रमाधिकारी यांनी एकत्र बसून जाळरेषांची यादी करावी, प्रत्येक रेषेपुढे गावाचे आणि नायकाचे नाव लिहावे, आणि नायकांचे प्रशिक्षण नाताळापूर्वी उरकावे. ती यादी प्रत्येक गावच्या चावडीवर लावावी. होळीच्या सुमारास डोंगरावर धूर दिसला तर कोणाला हाक मारावयाची हे तेव्हा गावातील लहान मुलालाही सांगता आले पाहिजे.