होस्टिंग बंद पडलं, तर तुमचं ऑनलाइन दुकान चालू राहील का?

२० ऑक्टोबर २०२५, दिवाळीतला सोमवार. आपल्याकडे दुपारचे साधारण सव्वाबारा वाजले होते. त्याच वेळी अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या यंत्रणेत बिघाड सुरू झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा यांसारख्या सेवा जगभर अडखळल्या. सगळं पूर्ववत व्हायला साधारण १५ तास लागले.

आता समजा, तुम्ही भेटवस्तू ऑनलाइन विकता आणि भाऊबीज तीन दिवसांवर आहे. अशा दिवशी १५ तास साइट बंद राहिली, तर? गेलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी परत येत नाही, ग्राहक दुसरीकडून घेऊन मोकळा होतो.

नेमकं काय बिघडलं होतं?

सर्व्हर जळाले नव्हते की कुणी हॅकही केले नव्हते. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या पत्त्याची, म्हणजे डीएनएसची नोंद आपोआप अपडेट करणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि ती नोंद रिकामी झाली. दुकान जागेवर होतं, पण पाटीवरचा पत्ताच पुसला गेला! मग या डेटाबेसवर अवलंबून असलेल्या इतर सेवा एकामागोमाग कोलमडल्या.

महिन्याभरात, १८ नोव्हेंबरला, क्लाउडफ्लेअरची पाळी आली. ही कंपनी बहुतेक साइट्ससाठी होस्टिंग नव्हे, तर दारातल्या राखणदाराचं काम करते. बॉट ओळखण्यासाठी लागणारी एक फाइल अचानक दुप्पट झाली, ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर बंद पडलं. एक्स आणि चॅटजीपीटीलाही फटका बसला. अनेक साइट्सचे स्वतःचे सर्व्हर व्यवस्थित चालू होते, पण दारच उघडत नव्हतं. मुख्य बिघाड साधारण तीन तास टिकला. या काळात बऱ्याच ग्राहकांना क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डमध्ये लॉगिनच करता येईना. म्हणजे पर्यायी रस्ता तयार असला, तरी तो सुरू करायचं बटण त्याच बंद दारामागे!

९९.९ टक्क्यांचं गणित

होस्टिंग घेताना ‘९९.९ टक्के अपटाइम’ वाचून आपण निर्धास्त होतो. पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. शिवाय ही हमी मोडली, तर सहसा बिलात थोडी सूट मिळते. बुडालेल्या विक्रीची भरपाई मिळत नाही.

त्यामुळे ‘कंपनी मोठी आहे ना, मग काळजी कशाला’ हे अर्धंच खरं. खरा प्रश्न असा की, तुमच्या कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी बंद पडू शकतात?

सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात नकोत

*डोमेन:* होस्टिंग आणि डोमेन शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा. होस्टिंगवाल्याचं पॅनेल बंद असलं, तरी डोमेन दुसरीकडे वळवता येतं. डीएनएसमधला टीटीएल आधीच ५ मिनिटांवर आणून ठेवा. तो २४ तासांचा असेल, तर काही ग्राहकांना दिवसभर जुनाच पत्ता दिसत राहील.

*बॅकअप:* १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत खाक झाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम पाळा. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून साइट खरंच उभी करून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

*ऑर्डर:* व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग तयार ठेवा. ग्राहकांच्या नंबरांची आणि चालू ऑर्डरींची यादी रोज साइटबाहेर उतरवून घ्या. साइट पडली की ‘तांत्रिक अडचण आहे, ऑर्डर इथे द्या’ एवढा मेसेज इन्स्टाग्रामवरून गेला, तरी बरेच ग्राहक टिकतात. साइट सुरू झाल्यावर पेमेंट गेटवेचा हिशोब ऑर्डरींशी ताडून बघा. पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदलीच नाही, असे घोळ नेमके याच वेळी होतात.

*पहारा:* साइट बंद पडल्याचं ग्राहकाकडून कळू नये. अपटाइमरोबोटसारखी सेवा दर काही मिनिटांनी साइट तपासून तुम्हाला कळवते.

खर्च किती करायचा?

दोन क्लाउडवर एकाच वेळी साइट चालवणं महागडं आणि किचकट आहे. लहान दुकानाला त्याची बहुधा गरज नसते. आधी सणाच्या दिवसातला एक तास बंद राहिला, तर किती रुपये बुडतात ते काढा. नुकसान हजारात असेल, तर वरच्या चार गोष्टी पुरे. लाखात असेल, तर दुसरीकडे तयार सर्व्हर ठेवण्याचा खर्च वाजवी ठरतो.

बिघाड कधी होईल ते आपल्या हातात नाही. पण तहान लागल्यावर विहीर खणायला घेण्यापेक्षा आजच एक काम करा. होस्टिंग, डोमेन, बॅकअप आणि पेमेंट कुणाकडे आहे, ते एका कागदावर लिहा. चारही ओळींत एकच नाव आलं, तर कामाला सुरुवात तिथूनच करायची.