आधी आईला भेटा

मल्लेश्वरमला राहणाऱ्या माझ्या आईची एक सवय आहे. कोणत्याही देवस्थानी गेले की ती आधी विचारते, "बायकांना आत सोडतात ना?" जपानमधल्या कोयासानला जातानाही तिने हेच विचारले. मला हसू आले. पण तिचा प्रश्न अगदी नेमका होता.

कोयासान हे शिंगोन पंथाच्या बौद्धांचे पवित्र स्थान. ओसाकाच्या दक्षिणेला, सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरमाथ्यांनी वेढलेल्या सपाटीवर शंभराहून अधिक मंदिरे आहेत. ८१६ साली कुकाई या भिक्षूने ते वसवले. मात्र पुढे हजारावर वर्षे या डोंगरावर स्त्रियांना बंदी होती.

ही बंदी कुकाईच्या आईलाही चुकली नाही, असे सांगतात. मुलाला भेटायला ती दूरवरून आली, पण तिला पायथ्याच्या जिसोनइन मंदिरातच राहावे लागले. तेव्हा मुलगाच महिन्यातून नऊ वेळा वीसेक किलोमीटर चालून खाली येई. म्हणून त्या गावाचे नाव पडले कुदोयामा, म्हणजे 'नऊ वेळांचा डोंगर'. ती वाट अजून आहे. मंदिरापासून वरच्या मुख्य आवारापर्यंत १८० दगडी खांब आहेत आणि त्यांवर चक्क आपल्या संस्कृतची बीजाक्षरे कोरलेली आहेत!

आम्ही मात्र आगगाडीने आणि पुढे दोरखंडाच्या रेल्वेने वर गेलो. मुक्काम मंदिरातच होता. जेवणात मांस-मासळी नव्हती, कांदा-लसूणही नव्हता. आई खूश झाली.

दुसऱ्या दिवशी वेशीवरचे 'न्योनिन्दो' पाहिले. न्योनिन्दो म्हणजे स्त्रियांचे मंदिर. सात वाटांवर अशी सात मंदिरे होती, त्यांतले हे एकच उरले आहे. स्त्रिया इथवर येत, इथेच प्रार्थना करत आणि कडेकडेच्या डोंगरांवरून फिरून लांबूनच दर्शन घेत. सरकारने १८७२ साली बंदी उठवली, पण डोंगराने त्यांना मोकळेपणाने सामावून घ्यायला विसावे शतक उजाडले. आपल्याकडे शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला तो २०१६ साली, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. तेव्हा जपान्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आई बराच वेळ त्या दारात उभी होती. मी म्हटले, "केवढी माया! आईसाठी नऊ वेळा डोंगर उतरायचा."

"माया होतीच गं," ती म्हणाली. "पण एकदा तिला वर नेलं असतं, तर नऊ हेलपाटे वाचले असते."

परतताना तिने कुदोयामाला उतरायलाच लावले. जिसोनइनमध्ये त्या माऊलीची पूजा होते. स्त्रिया तिथे सुखरूप बाळंतपणासाठी नवस बोलतात. आईने हात जोडले आणि म्हणाली, "बाई, तुमचा डोंगर पाहून आले."

तुम्ही कधी कोयासानला गेलात, तर आधी कुदोयामाला उतरा. वर मुलाकडे जाण्यापूर्वी खाली आईला भेटा.