वर्तुळाबाहेरच्या बाया

नागपूर–वर्धा ब्रॉडगेज मेट्रोचा करार २०१८ साली झाला. स्टेशनांभोवतीचा ‘विकास’ कोणाला विचारून आखणार? केंद्राच्या २०१७ च्या धोरणात स्टेशनाभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा पट्टा धरला आहे. आंजी (मोठी)ची बाई या वर्तुळाबाहेर. म्हणून ती प्रवासी नाही?

एस.टी.ने वर्ध्याला येणाऱ्या मजूर बाईला, भाजीवालीला मॉल नको. तिला दिवे, संडास, पाळणाघर, टोपली टेकायला हक्काची जागा आणि शेवटच्या गाडीला जोडून एस.टी. हवी.

आखणी उरकल्यावर ‘हरकती-सूचना’ मागवणे म्हणजे सहभाग नव्हे! ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मैत्रिणींनो, तिथे नकाशा मागा, ठराव करा, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. जमीन मोजण्याआधी बाया मोजा!