जुन्या चिपची भिस्त भंगारावर

आठ-बिटी संगणकांचे युग संपल्याचे आपण केव्हाच मान्य केले होते. पण त्यावर शिक्कामोर्तब झाले ते एप्रिल २०२४ मध्ये. १९७६ पासून बाजारात असलेल्या मूळ झेड-८० प्रोसेसरसाठी १४ जूनपर्यंतच मागणी नोंदवता येईल, असे झायलॉग कंपनीने तेव्हा जाहीर केले. तिचे वेफर तयार करून देणाऱ्या कारखान्यानेच काम थांबवले होते. सिंक्लेअर स्पेक्ट्रम आणि त्याची पुण्यात तयार झालेली 'डीबी स्पेक्ट्रम' ही आवृत्ती याच चिपवर चालत असे.

असे संगणक दुरुस्त करणाऱ्या, त्यांत फेरबदल करणाऱ्या हौशी मंडळींना तोवर निदान कोरी चिप अधिकृत वितरकाकडून मिळत होती. यापुढे भिस्त उरते ती जुन्या साठ्यावर आणि भंगारातील बोर्डांवरून उतरवलेल्या मालावर. बनावटगिरीला वाव मिळतो तो येथेच. चिपचा पृष्ठभाग घासून, त्यावर काळा लेप चढवून नवी अक्षरे छापली जातात. कमी वेगाची चिप जास्त वेगाची म्हणून, एनमॉस जातीची सीमॉस म्हणून खपवली जाते. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने लेप निघाला तर लबाडी उघड. न निघाला तर माल अस्सल, असे मात्र नव्हे. जात ओळखण्याची खरी खूण आतच आहे. कंपनीच्या पुस्तिकेत नसलेल्या एका आज्ञेला एनमॉस चिप शून्य असे उत्तर देते, तर सीमॉस २५५. पण ही परीक्षा पैसे मोजून झाल्यावरची! लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत निदान विक्रेत्याचा चेहरा ठाऊक असतो. परदेशातून टपालाने आलेल्या पाकिटाचे काय?

झेड-८० ची धाकटी बहीण ईझेड-८० अजून उपलब्ध आहे. पण जुन्या चाळीस पायांच्या सॉकेटात ती बसत नाही. मुक्त परवान्याखाली मूळ चिपची प्रतिकृती सिलिकॉनवर उतरवण्याचा प्रयत्न २०२४ मध्येच सुरू झाला. तो स्वागतार्ह असला, तरी आज लागणारा सुटा भाग भंगारातूनच शोधावा लागतो. आणि या भंगाराचा हिशेब आपण कसा मांडतो? एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड व अ‍ॅल्युमिनियम यांच्या वजनावर मिळतात. संपूर्ण उपकरण दुरुस्त करून वापरात आणण्याची दखल त्यांत आहे. बोर्डावरची चालू चिप मात्र त्या तराजूत केवळ सोन्याचा कण ठरते.